घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे! झोपेत श्वास अडकतो तेव्हा नेमकं काय होतं आणि उपाय काय?

लग्नाचं वऱ्हाड शाळेच्या हॉलमध्ये मुक्कामी असो, नाहीतर सप्ताहाच्या मंडपात मंडळी आडवी झालेली असोत, एखादा तरी असा असतोच की ज्याच्या घोरण्यानं बाकीच्यांची झोप उडते. सकाळी चहा घेताना त्याची थट्टा होते. "गडी घोडे विकून झोपला होता" असं म्हणतात. तोही हसतो. पण तोच माणूस दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागतो. रात्रभर इतकं 'गाढ' झोपलेल्या माणसाला दिवसा डुलकी का लागावी, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्याच्या घरच्या बाईला याचं अर्धं उत्तर माहीत असतं. रात्री घोरणं जोरात चालू असतं आणि एकदम बंद होतं. छाती-पोट हलताना दिसतं, पण नाकातोंडातून हवा येत-जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ शांतता. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होतो, माणूस कूस बदलतो आणि घोरणं पुन्हा सुरू. कित्येक घरांत ती बाई घाबरून नवऱ्याला हलवून जागं करते. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही.

या आजाराला डॉक्टर 'स्लीप ॲप्निया' म्हणतात, म्हणजे झोपेत श्वास थांबणं. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी यांचं फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. त्यांना इतरही तक्रारी होत्या, पण त्या निमित्तानं हे नाव अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडलं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशातल्या आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज मांडला. त्यानुसार भारतात कामाच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा आजार असावा. यातल्या बहुतेकांची तपासणीच झालेली नसते.

घशात नेमकं काय होतं?

विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाईप जुना होऊन मऊ पडला की काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मोटार जोरात पाणी ओढते आणि पाईप आतल्या बाजूला चेपतो. मोटार चालू असते, पण पाणी येत नाही.

आपल्या घशाचंही असंच आहे. जिभेच्या मागचा आणि टाळूच्या मागचा भाग हाडाचा नाही, तो मऊ आहे. जागेपणी तिथले स्नायू ताणलेले असतात, त्यामुळे वाट उघडी राहते. झोप लागली की स्नायू सैल पडतात. बहुतेकांची वाट तरीही पुरेशी मोकळी राहते. पण मानेभोवती चरबी जास्त असेल, टॉन्सिल वाढलेले असतील, खालचा जबडा मागे असेल किंवा जीभ मोठी असेल, तर वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ भाग थरथरतो, तेच घोरणं. वाट पूर्ण चेपली की श्वास बंद.

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो. मेंदूला धोका कळतो आणि तो माणसाला क्षणभर झोपेतून वर खेचतो. स्नायू ताणले जातात, वाट उघडते, श्वास येतो. माणूस पुन्हा झोपतो आणि वाट पुन्हा बंद होते.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला किंवा फारच कमी झाला, तर डॉक्टर तो एक प्रसंग धरतात. तासाला ५ पेक्षा कमी प्रसंग असतील तर काळजी नाही. ५ ते १५ म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. सात तासांच्या झोपेत दोनशेपेक्षा जास्त वेळा मेंदूनं त्या माणसाला अर्धवट जागं केलेलं असतं. मग सकाळी ताजंतवानं कसं वाटणार?

काही थोड्या लोकांत घसा उघडा असतो, पण मेंदूकडूनच श्वासाचा आदेश जात नाही. तो प्रकार वेगळा. हा लेख घसा बंद होण्याच्या, म्हणजेच सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराबद्दल आहे.

फक्त झोपेचा प्रश्न नाही

रात्रभर ऑक्सिजन वर-खाली होत राहिला की शरीर सतत सावध अवस्थेत राहतं. रक्तदाब वाढतो. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांत हा आजार हमखास तपासायला हवा. हृदयाचे ठोके बिघडणं, लकवा आणि शुगर यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे.

काही लक्षणं तर लोकांच्या ध्यानातच येत नाहीत. सकाळी उठल्यावर डोकं जड होणं, तोंड कोरडं पडणं, चिडचिड, विसरभोळेपणा. रात्री लघवीला तीन-चार वेळा उठावं लागणं हेही एक लक्षण आहे. ते "शुगरमुळे असेल" किंवा "वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं.

सगळ्यात तातडीचा धोका रस्त्यावर आहे. गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली ओढणारे, पहाटे दुधाचा टेम्पो नेणारे, भाजीची पिकअप घेऊन रात्रीत वाशी मार्केट गाठणारे आपल्याच गावांतले आहेत. या आजाराच्या चालकाकडून अपघात होण्याची शक्यता इतर चालकांपेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. चालकाला वाटतं, आपण झोप काढूनच निघालोय. पण त्या झोपेचा उपयोगच झालेला नसतो. चहा, तंबाखू, खिडकी उघडी ठेवणं यानं ही झोप थांबत नाही.

हा फक्त जाड पुरुषांचा आजार आहे का?

नाही. वजन हे मोठं कारण आहे हे खरं. पण भारतीय माणसात कमी वजनातही हा आजार दिसतो, कारण जबड्याची ठेवण आणि पोट-मानेवरची चरबी यांचाही वाटा असतो.

बायकांत पाळी बंद झाल्यानंतर धोका वाढतो. त्यांची लक्षणं वेगळी असू शकतात. मोठ्यानं घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, उदास वाटणं अशा तक्रारी जास्त असतात. त्यामुळे त्यांना रक्तवाढीच्या नाहीतर ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि मूळ आजार तसाच राहतो. शिवाय बायको घोरते, हे घरात कोणी उघड बोलत नाही.

लहान मुलांत टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढल्यानं असं होतं. मूल रोज घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, अंथरूण ओलं करतं, वर्गात लक्ष देत नाही किंवा फार दंगा करतं, तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. अनेक मुलांना टॉन्सिलच्या ऑपरेशननं आराम पडतो.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

डॉक्टर आठ साधे प्रश्न विचारतात. घरी बसून स्वतःलाच विचारून पाहा:

१. बंद दारातून ऐकू जाईल इतकं मोठ्यानं घोरता का?
२. दिवसा बहुतेक वेळा थकवा किंवा झोप येते का?
३. झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का?
४. बीपी आहे का, किंवा बीपीची गोळी चालू आहे का?
५. वजन खूप जास्त आहे का? (उदाहरणार्थ, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ९५ किलोच्या वर)
६. वय ५० च्या वर आहे का?
७. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? (शिंप्याच्या टेपनं मोजता येतो)
८. पुरुष आहात का?

तीन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरांना विचारा. पाच किंवा जास्त 'हो' असतील तर धोका मोठा आहे, टाळाटाळ नको.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रुग्ण स्वतः देऊच शकत नाही. ते बायकोनं, आईनं किंवा त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसानं द्यायचं. इथं मोबाईल कामाला येतो. रात्री घोरणं सुरू असताना, छाती-पोट दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. "मी कुठं घोरतो?" म्हणणारा माणूस तो पाहिल्यावर बहुधा गप्प होतो, आणि डॉक्टरांनाही पुढची तपासणी ठरवायला मदत होते. मात्र हा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही. थट्टा झाली की माणूस दवाखान्यात जायचंच टाळतो.

पक्कं निदान 'स्लीप स्टडी' या तपासणीतून होतं. नाकाजवळ छोटी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून रात्रभर नोंद घेतात. सुई नाही, दुखत नाही. पूर्ण तपासणी हॉस्पिटलमध्ये झोपून होते. अनेकांना घरी लावायचं छोटं यंत्रही चालतं. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाच्या आकड्यावर मात्र निदान करता येत नाही. यासाठी छातीच्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हे दोन्ही विभाग असतात.

मुख्य उपचार: हवेच्या दाबाचं मशीन

मध्यम आणि तीव्र आजारात मुख्य उपचार 'सीपॅप' नावाचं मशीन. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी ते तयार केलं आणि १९८१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या मशीनला घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटार वापरली होती.

काम साधं आहे. गुंडाळून ठेवायचा चपटा पाईप पाणी सोडलं की फुगून गोल होतो, तसं हे मशीन मास्कमधून हलक्या दाबानं हवा सोडतं आणि घशाची वाट आतून फुगलेली ठेवतं. ही साधी खोलीतलीच हवा असते. "डॉक्टरनं ऑक्सिजनवर ठेवलं" असं समजून नातेवाइकांनी घाबरायचं कारण नाही. मशीनची 'सवय लागते' ही भीतीही खोटी. चष्मा काढला की पुन्हा अंधूक दिसतं, त्याला कोणी चष्म्याचं व्यसन म्हणत नाही.

पण चष्म्यासारखंच, लावलं तरच उपयोग. अडचण इथंच येते. मशीन घ्यायला साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पुढे खर्च येतो. तेवढे पैसे घालून आणलेलं मशीन पंधरा दिवसांत कपाटावर जातं, कारण मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, गुदमरल्यासारखं वाटतं. रोज किमान चार तास वापर तरी हवाच. खरं तर झोपेल तितका सगळा वेळ लावणं चांगलं.

सवय करायचे काही मार्ग:

- पहिले काही दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणीच अर्धा तास मास्क लावून बसा.
- मास्क पैसे देण्याआधी आडवं होऊन लावून बघा. दाट मिशा-दाढी असेल तर हवा बाजूनं निसटते, तसं दुकानदाराला सांगा.
- ओलाव्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यानं क्षार साचतात.
- मास्क रोज साबणाच्या पाण्यानं धुवा. धुळीच्या दिवसांत फिल्टर लवकर बदला.
- लाईट गेली तर घाबरू नका. नाकाचा मास्क असेल तर तोंडानं श्वास घेता येतो आणि तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला हवा आत यायची झडप असते. मशीन इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर ओलाव्याचं हीटर बंद ठेवा, बॅटरी जास्त वेळ टिकते.

गुदमरण्याची भीती फारच असेल तर समुपदेशकाची मदत घेता येते. काही जणांना श्वास अडण्याबरोबर झोपच न लागण्याचाही त्रास असतो. त्यांच्यासाठी झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी थेरपी आहे. अशा वेळी आपल्या मनानं झोपेची गोळी घेणं धोक्याचं, कारण काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. दारूचंही तेच. रात्री पिऊन झोपलेला माणूस जास्त घोरतो, ते याच कारणानं.

जोडीला थेरपी: घशाचा व्यायाम, शंख आणि वजन

मशीनच्या जोडीला बाकीचे उपाय आजार हलका करतात. सौम्य आजारात कधी कधी डॉक्टर याच उपायांवर भर देतात.

वजन: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात १० टक्के वजन घटलं की श्वास अडण्याचे प्रसंग सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. म्हणजे ९० किलोच्या माणसानं ९ किलो कमी केले तरी फरक पडतो.

कूस: उताणं झोपलं की जीभ मागे पडते. अनेकांचा त्रास कुशीवर झोपल्यानं निम्म्यावर येतो. बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवला की माणूस उताणा होत नाही. जुना उपाय आहे, पण चालतो.

घसा-जिभेचा व्यायाम: ब्राझीलमध्ये मध्यम आजाराच्या ३१ रुग्णांवर २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी तीन महिने रोज जीभ, टाळू आणि गालांचे व्यायाम केले, त्यांचे तासाला २२ च्या आसपास असलेले प्रसंग १४ च्या आसपास आले. जीभ टाळूला लावून मागे सरकवणं, पूर्ण जीभ टाळूला चिकटवून दाबणं, 'आ' म्हणत टाळू वर उचलणं असे हे व्यायाम असतात. बोलण्याचे उपचार करणारे स्पीच थेरपिस्ट ते शिकवतात.

शंख: आपल्याकडच्या लोकांना जवळचा वाटेल असा अभ्यास जयपूरमध्ये झाला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम आजाराच्या ३० जणांपैकी काहींना शंख फुंकायला शिकवलं, बाकीच्यांना दीर्घ श्वासाचा व्यायाम दिला. दोन्ही गटांनी आठवड्यातून किमान पाच दिवस सराव करायचा होता. सहा महिन्यांनंतर शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग दुसऱ्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होती आणि तासाला चार-पाच प्रसंगही कमी होते. फुंकताना घसा आणि टाळूच्या स्नायूंना चांगला व्यायाम होतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. मात्र अभ्यास छोटा आहे. शंख मिळाला म्हणून मशीन किंवा बीपीची गोळी बंद करायची नाही. काचबिंदू, हर्निया किंवा न आटोक्यातलं बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

याशिवाय सौम्य-मध्यम आजारात दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी पट्टी बनवून देतात. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील तर ऑपरेशनचा विचार होतो. 'घोरणं बंद' म्हणून ऑनलाईन मिळणाऱ्या क्लिपा-पट्ट्यांनी आवाज कमी झाला तरी श्वास अडणं थांबेलच असं नाही.

आता काय करायचं?

घरातला कोणी मोठ्यानं घोरत असेल आणि मध्येच श्वास थांबत असेल, तर या आठवड्यात तीन कामं करा. आज रात्री व्हिडिओ काढा. उद्या वरचे आठ प्रश्न त्याच्यासोबत बसून वाचा आणि बीपी मोजून घ्या. मग बीपी-शुगरचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. जाताना रात्रीचा आवाज ऐकणाऱ्या माणसानंही सोबत जायचं, कारण आजाराचं खरं वर्णन त्यालाच करता येतं.

तो माणूस गाडी चालवत असेल तर तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत रात्रीची फेरी दुसऱ्याला द्या. डोळा लागतोय असं वाटलं की गाडी बाजूला घ्यायची, "थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही. कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याबद्दल आधीच सांगा, कारण भुलीतही घशाचे स्नायू सैल पडतात.

उपचार नीट सुरू झाले तर दिवसाची पेंग काही दिवसांत-आठवड्यांत कमी होते आणि बीपीही थोडं उतरतं. आणि शेजारी झोपणाऱ्या बाईला श्वास मोजत रात्र जागवावी लागत नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचार सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)